अवयव पाडताना आकडे सुचतच नाहीत, काय करू?

प्रश्न : ताई, वर्गसमीकरणं सोडवताना मी नेहमी सूत्रच वापरते, कारण अवयव पाडायला घेतले की मला ते दोन आकडे सुचतच नाहीत. माझ्या मैत्रिणीला समीकरण बघितल्या बघितल्या सुचतात. परवाच्या चाचणीत ‘अवयव पद्धतीनेच सोडवा’ असं लिहिलं होतं. (क्ष − १)(क्ष − ४) = १० हे बघून मला हायसं वाटलं, अवयव तर आधीच पाडलेले होते! मी क्ष − १ = १० आणि क्ष − ४ = १० असं घेऊन ११ आणि १४ ही उत्तरं काढली. दोन्ही चुकली. क्ष² = ७क्ष या गणितात दोन्ही बाजूंना क्ष ने भागून ७ लिहिलं, तर निम्मेच गुण मिळाले. बाईंनी कारण सांगितलं, पण मला नीट कळलं नाही. माझं डोकं गणिताचं नाही का? आणि सूत्राने सगळंच सुटतं, तर हे अवयव शिकायचेच कशाला?
— नाव छापू नका

उत्तर : तुझ्या चाचणीतली दोन गणितं आधी घेऊ या, आकडे सुचण्याचं नंतर बघू. कारण ही दोन्ही गणितं एकाच ठिकाणी अडली आहेत, आणि ते ठिकाण कळलं की अवयव पद्धतीतली अर्धी भीती जाते.

तुझं ११ हे उत्तर मूळ समीकरणात घालून बघ. पहिला कंस १०, दुसरा ७, गुणाकार ७०. आता १४ घाल. पहिला कंस १३, दुसरा १०, गुणाकार १३०. आपल्याला तर १० हवे होते. दोन संख्यांचा गुणाकार १० आहे एवढंच माहीत असेल, तर त्या दोन संख्यांबद्दल आपल्याला फारसं काहीच कळत नाही. त्या २ आणि ५ असतील, २० आणि अर्धा असतील, −४ आणि −२.५ असतील. अशा जोड्यांना अंतच नाही. त्यामुळे ‘हा कंस १०, तो कंस १०’ असं म्हणायला काही आधारच उरत नाही.

गुणाकार शून्य असेल तर मात्र चित्र पूर्ण बदलतं. शून्य नसलेल्या दोन संख्या घे, कितीही लहान, कितीही मोठ्या, धन किंवा ऋण, त्यांचा गुणाकार कधीही शून्य येणार नाही. म्हणजे दोन कंसांचा गुणाकार शून्य असेल तर पहिला कंस शून्य आहे, किंवा दुसरा शून्य आहे. तिसरी शक्यता नाही. अवयव पद्धत उभी आहे ती एवढ्या एका गोष्टीवर, आणि ही सोय फक्त शून्याची आहे. १० ची नाही, १ ची नाही, आणखी कुठल्याच संख्येची नाही. म्हणून समीकरणाच्या उजव्या बाजूला शून्य आल्याशिवाय अवयवांना हात लावायचा नाही. दिसायला कंस आयते मिळाले असले तरी ते सोडून द्यायचे.

आता तेच गणित. कंस सोडवले की क्ष² − ५क्ष + ४ = १०. तो १० डावीकडे आणला की क्ष² − ५क्ष − ६ = ०. याचे अवयव (क्ष − ६)(क्ष + १) = ०. म्हणजे क्ष = ६ किंवा क्ष = −१. ६ घालून बघ: ५ गुणिले २, बरोबर १०. −१ घालून बघ: −२ गुणिले −५, पुन्हा १०. आणि दोन ओळींच्या मध्ये ‘आणि’ न लिहिता ‘किंवा’ लिहायची सवय लाव. क्ष एकाच वेळी ६ पण आणि −१ पण असू शकत नाही.

क्ष² = ७क्ष मध्ये काय झालं? तू क्ष ने भागलंस. शून्याने भागता येत नाही हे तुला माहीत आहे. मग क्ष ने भागताना ‘क्ष शून्य नाही’ असं तू न बोलता गृहीत धरलंस, आणि नेमकं शून्य हेच एक उत्तर होतं. ते तिथेच गळून पडलं. भागू नकोस, सगळं एका बाजूला आण: क्ष² − ७क्ष = ०, म्हणून क्ष(क्ष − ७) = ०, म्हणून क्ष = ० किंवा क्ष = ७. हीच चूक थोड्या वेगळ्या वेषातही येते. ३क्ष(क्ष − २) = ५(क्ष − २) असं दिसलं की दोन्हीकडचा (क्ष − २) उडवून टाकण्याचा मोह होतो. तो उडवला की २ हे उत्तर जातं. डावीकडे आणून (क्ष − २)(३क्ष − ५) = ० असं लिहिलं की २ आणि ५/३ ही दोन्ही उत्तरं हाती लागतात. ३ किंवा ५ अशा साध्या संख्येने भागायला काहीच हरकत नाही, कारण ती शून्य नाही हे समोर दिसतंय. ज्यात क्ष आहे अशा कशानेही भागताना मात्र थांबायचं.

आता तुझ्या मुख्य तक्रारीकडे येते. आकडे सुचत नाहीत म्हणून डोकं गणिताचं नाही, हा निष्कर्ष मला अजिबात मान्य नाही. ते सुचावे लागतच नाहीत. ते शोधायचे असतात, आणि शोधायची जागा अगदी छोटी असते.

(क्ष + प)(क्ष + फ) हा गुणाकार स्वतः एकदा करून बघ. क्ष² + (प + फ)क्ष + प×फ असं मिळतं. म्हणजे मधल्या पदाचा सहगुणक ही दोन आकड्यांची बेरीज, आणि शेवटचं स्थिर पद हा त्यांचा गुणाकार. तू बहुधा बेरजेपासून सुरुवात करत असणार, बरेच जण करतात. बेरीज ११ येणाऱ्या पूर्णांकांच्या जोड्या अगणित आहेत, कारण ऋण संख्याही चालतात: १२ आणि −१, १३ आणि −२, असं कितीही पुढे जाता येतं. गुणाकार २४ येणाऱ्या जोड्या मात्र चिन्हं सोडली तर चारच आहेत: १ आणि २४, २ आणि १२, ३ आणि ८, ४ आणि ६. म्हणून सुरुवात नेहमी गुणाकारापासून करायची. जोड्या कागदावर एकाखाली एक लिहायच्या. मनात धरायचा प्रयत्न करू नकोस, तिथेच दमायला होतं.

चिन्हांसाठी फक्त स्थिर पदाकडे बघ. ते धन असेल तर दोन्ही आकडे एकाच चिन्हाचे, आणि ते चिन्ह मधल्या पदाचं. ते ऋण असेल तर आकडे विरुद्ध चिन्हांचे, आणि त्यातल्या मोठ्याला मधल्या पदाचं चिन्ह मिळतं. त्यामुळे क्ष² − ११क्ष + २४ = ० मध्ये ३ आणि ८ दोघेही ऋण: (क्ष − ३)(क्ष − ८) = ०, उत्तरं ३ आणि ८. क्ष² + ५क्ष − २४ = ० मध्येही जोडी ३ आणि ८ हीच, पण आता फरक ५ हवा आणि मोठा धन हवा: (क्ष + ८)(क्ष − ३) = ०, उत्तरं −८ आणि ३. इथे एक क्षण थांब. कंसात + ८ असेल तर उत्तर −८ असतं, कारण तो कंस शून्य करणारी किंमत आपण शोधतोय. कंसातलं चिन्ह तसंच उचलून उत्तरात लिहिल्यामुळे कितीतरी मुलांचे गुण जातात.

२४ च्या या चार जोड्यांवर एक संध्याकाळ घालव असं मी मनापासून सांगेन. जोड्यांच्या बेरजा २५, १४, ११, १० आणि वजाबाक्या २३, १०, ५, २. शेवटी + २४ असलेल्या क्ष² च्या राशीचे पूर्णांकांत अवयव पडायचे असतील, तर मधला आकडा चिन्ह सोडून पहिल्या चारांपैकीच असावा लागतो. शेवटी − २४ असेल तर दुसऱ्या चारांपैकी. (मधलं पद मुळी नसेल तर क्ष² − २४ चे अवयव असे पडतच नाहीत, कारण २४ हा पूर्ण वर्ग नाही.) आणि १० दोन्हीकडे आहे! त्यामुळे क्ष² + १०क्ष + २४ आणि क्ष² + १०क्ष − २४ या दोन्हींचे अवयव पडतात, एकीत ६ आणि ४, दुसरीत १२ आणि −२. तुझ्या मैत्रिणीला ‘सुचतं’ म्हणजे बहुधा एवढंच, की तिची २४, ३६, ६०, ७२ अशा संख्यांशी जुनी ओळख आहे. ती ओळख तुलाही करून घेता येईल.

क्ष² च्या मागे १ सोडून दुसरा आकडा असला की मुलं हात टेकतात. ६क्ष² − ७क्ष − २० = ० घे. इथे पहिल्या आणि शेवटच्या आकड्याचा गुणाकार करायचा, ६ × (−२०) = −१२०, आणि गुणाकार −१२०, बेरीज −७ अशी जोडी शोधायची. हा गुणाकार का करायचा ते फारसं कुणी सांगत नाही, म्हणून ही पायरी जादूसारखी वाटते. (म×क्ष + प)(न×क्ष + फ) उघडून बघ. मधलं पद दोन तुकड्यांतून बनतं, म×फ आणि न×प. या दोन तुकड्यांचा गुणाकार म×न×प×फ. त्यातला म×न हा क्ष² चा सहगुणक आणि प×फ हे स्थिर पद. म्हणजे मधल्या पदाच्या दोन तुकड्यांचा गुणाकार हा पहिल्या आणि शेवटच्या आकड्याच्या गुणाकाराएवढाच असतो. आपण ते दोन तुकडे परत वेगळे करतोय, एवढंच.

जोडी ८ आणि −१५. मधलं पद फोड: ६क्ष² + ८क्ष − १५क्ष − २० = ०. पहिल्या दोन पदांतून २क्ष बाहेर काढ, शेवटच्या दोनांतून −५: २क्ष(३क्ष + ४) − ५(३क्ष + ४) = ०. म्हणून (३क्ष + ४)(२क्ष − ५) = ०, आणि उत्तरं −४/३ आणि ५/२. यात चूक होते ती जवळजवळ ठरलेल्या जागी. −१५क्ष − २० मधून −५ बाहेर काढल्यावर आत ३क्ष + ४ राहतं. घाईत ३क्ष − ४ लिहिलं जातं, मग दोन कंस जुळत नाहीत आणि वाटतं जोडीच चुकली. कंस जुळले नाहीत तर जोडी बदलायच्या आधी बाहेर काढलेलं ऋण चिन्ह तपास. ८क्ष आधी लिहायचं की −१५क्ष, ही काळजी करू नकोस. कुठल्याही क्रमाने फोडलं तरी शेवटी तेच दोन कंस येतात, एकदा उलट क्रमाने करून बघ.

आणि हो, सगळ्या पदांत सामाईक आकडा असेल तर तो आधीच काढून टाक. १२क्ष² − १४क्ष − ४० = ० दिसलं तर २ ने भागून आपलं वरचंच समीकरण मिळतं. नाहीतर उगाच −४८० च्या जोड्या शोधत बसशील.

मोठे आकडे आले की जोड्यांची यादी लांबते. तिथे एक फार सुंदर वाट आहे, आणि ती फार जुनी आहे. बेरीज आणि गुणाकार दिला असताना दोन संख्या शोधण्याची गणितं साडेतीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीच्या बाबिलोनी मातीच्या पाट्यांवर सोडवलेली सापडतात, आणि तिथली पद्धत अशी: बेरजेचं निम्मं घ्यायचं. एक संख्या निम्म्यापेक्षा जेवढी जास्त, दुसरी तेवढीच कमी. हा ‘जास्त-कमी’ सापडला की काम झालं.

भास्कराचार्यांनी १२व्या शतकात ‘बीजगणित’ ग्रंथात दिलेलं माकडांचं उदाहरण यावर करून बघू. कळपाच्या आठव्या भागाचा वर्ग एवढी माकडं वनात खेळतायत, उरलेली १२ टेकडीवर आहेत. कळपात एकूण किती? कळप क्ष मानला तर (क्ष/८)² + १२ = क्ष. ६४ ने गुणून सगळं एका बाजूला आणलं की क्ष² − ६४क्ष + ७६८ = ०. ७६८ च्या जोड्या कोण लिहीत बसणार! बेरीज ६४, निम्मं ३२. दोन संख्या ३२ + द आणि ३२ − द. त्यांचा गुणाकार ३२² − द², म्हणजे १०२४ − द². तो ७६८ हवा. म्हणून द² = २५६, द = १६. संख्या ४८ आणि १६. (क्ष − ४८)(क्ष − १६) = ०. कळप ४८ माकडांचा असेल तर वनात ३६ आणि टेकडीवर १२, कळप १६ चा असेल तर वनात ४ आणि टेकडीवर १२. दोन्ही उत्तरं बसतात. (भास्कराचार्यांनी स्वतः हे अवयव पाडून सोडवलेलं नाही, त्यांची रीत पूर्ण वर्ग करण्याची.)

त्याच ग्रंथात लगेच दुसरा कळप आहे. पाचव्या भागातून ३ वजा करून येणाऱ्या संख्येचा वर्ग, एवढी माकडं गुहेत गेली, एक बाहेर फांदीवर दिसतंय. (क्ष/५ − ३)² + १ = क्ष सोडवलं की ५० आणि ५ मिळतात. पण ५ घेतलं तर ‘पाचवा भाग वजा ३’ म्हणजे −२ होतं, आणि माकडांच्या बाबतीत त्याला अर्थ नाही, म्हणून तिथे ५० च घ्यायचं. शाब्दिक गणितात दोन्ही उत्तरं परत गोष्टीत नेऊन बघावी लागतात ती यासाठी. कधी दोन्ही चालतात, कधी एकच.

सूत्राने सगळं सुटतं हे तुझं म्हणणं खरं आहे, आणि सूत्र वापरण्यात कमीपणा काहीच नाही. पण सूत्रातला जो भाग वर्गमूळाखाली असतो, तो विवेचक, ब² − ४अक (अ हा क्ष² चा सहगुणक, ब हा क्ष चा, क हे स्थिर पद), तो अवयव पाडतानाही तुझा मित्र आहे. सहगुणक पूर्णांक असतील तर पूर्णांक सहगुणकांचे कंस मिळतात की नाही, हे तो आधीच सांगतो. विवेचक पूर्ण वर्ग असेल तर मिळतात, नसेल तर नाही. क्ष² − ५क्ष + ३ = ० मध्ये विवेचक २५ − १२ = १३. पूर्ण वर्ग नाही. म्हणजे पेन खाली ठेव, ३ च्या जोड्या शोधण्यात एक मिनिटही घालवू नकोस, थेट सूत्राकडे जा. आणि ६क्ष² − ७क्ष − २० मध्ये? ४९ + ४८० = ५२९, म्हणजे २३². आता आपली जोडी आठव, ८ आणि −१५. त्यांच्यातलं अंतर बरोबर २३. हा योगायोग नाही. विवेचक म्हणजे त्या दोन आकड्यांमधल्या अंतराचा वर्ग, दरवेळी. बेरीज −७, अंतर २३. तेवढ्यावरून आकडे काढता येतात: (−७ + २३)/२ = ८ आणि (−७ − २३)/२ = −१५. म्हणजे विवेचक काढलास तर जोडीसुद्धा सुचावी लागत नाही, ती हिशोबाने मिळते. तुला येत असलेलं सूत्र आणि तुला न येणारे अवयव या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत गं, एकाच हिशोबाच्या दोन बाजू आहेत.

मग अवयव शिकायचे कशाला? पुस्तकाबाहेर येणाऱ्या बहुतेक वर्गसमीकरणांचे अवयव इतके छान पडत नाहीत, हे मी तुझ्यापासून लपवणार नाही. तरीही शिकायचे, कारण ‘गुणाकार शून्य, म्हणून एखादा अवयव शून्य’ ही युक्ती वर्गसमीकरणापाशी संपत नाही. क्ष³ − ४क्ष = ० समोर आलं तर तुझं सूत्र काय करणार? ते क्ष² पुरतंच आहे. अवयव मात्र लगेच उत्तर देतात: क्ष(क्ष − २)(क्ष + २) = ०, म्हणून ०, २, −२. पुढे त्रिकोणमितीत, असमानतांमध्ये, आलेख काढताना हीच युक्ती पुन्हा पुन्हा लागते, आणि तिथे प्रत्येक वेळी सूत्र हाताशी नसतं.

सरावासाठी मी तुला गणितं सोडवायला नाही, बनवायला सांगेन. दोन कंस मनाने लिही, गुण, आणि आलेलं समीकरण वहीत उतरव. थॉमस हॅरियट या इंग्रज गणितज्ञाच्या, त्याच्या मृत्यूनंतर १६३१ मध्ये छापलेल्या पुस्तकातही समीकरणं अशीच कंस गुणून तयार केलेली आहेत. अशी बरीच समीकरणं झाली की वही मिटून ठेव, चार दिवसांनी कंस विसरल्यावर तीच सोडव. कंस गुणताना मधलं पद कसं तयार होतं हे हाताला कळलं, की ते फोडतानाही हात अडत नाही. आणि उत्तर आल्यावर ताळा घे. दोन उत्तरांची बेरीज −ब/अ आणि गुणाकार क/अ यायला हवा. आपल्या उदाहरणात ५/२ आणि −४/३ यांची बेरीज ७/६, गुणाकार −१०/३, म्हणजेच −२०/६. जुळलं.

खाली पाच देते. एकाचे पूर्णांकांत अवयव पडत नाहीत, ते कोणतं हे जोड्या शोधायच्या आधी ठरव. एकाला आधी हात लावायचा नाही, कंस सोडवावे लागतील. आणि शेवटचं निम्म्या बेरजेच्या वाटेने कर, कागदावर दोन ओळींत सुटतं.

क्ष² + २क्ष − ६३ = ०
२क्ष² + ११क्ष + १२ = ०
(क्ष − ३)(क्ष + २) = १४
क्ष² + ६क्ष − ८ = ०
क्ष² − १००क्ष + २४९१ = ०

उत्तरांबरोबर तू लिहिलेल्या जोड्याही पाठव, चुकीच्या ठरून खोडलेल्यासुद्धा. कुठे अडतेस ते मला त्यावरून कळेल.